मदत हवी आहे: जीआरईसाठी इंग्रजी विशेषणांच्या समानार्थी शब्दांचा सराव कसा करावा?

नमस्कार मंडळी,

मी सोलापूरची. बारावीपर्यंत मराठी माध्यम, नंतर इंजिनिअरिंग, आता चाकणला एका कारखान्यात नोकरी. एमएससाठी बाहेर जायचंय म्हणून नोव्हेंबरात जीआरई ही प्रवेशपरीक्षा देतेय. गणिताची काळजी नाही. व्हर्बलमध्ये, म्हणजे इंग्रजीच्या भागात, मात्र चार महिने झाले तरी गाडी जागची हलत नाही, आणि रुतलीये ती विशेषणांपाशी.

पाठांतर कमी पडतंय असं नाही. घरात साठलेल्या लग्नपत्रिका कापून त्यांच्या कोऱ्या बाजूवर शब्द लिहिलेत. वर इंग्रजी, खाली मराठी. खालची ओळ अंगठ्याने झाकायची आणि आठवायचं. कंपनीच्या बसमध्ये जाता-येता तेच करते. आठशेच्या आसपास कार्डं झाली. पार्सिमोनियस म्हटलं की झोपेतही कंजूष म्हणेन.

तरी सराव परीक्षेत चुकतंच. सेंटेन्स इक्विव्हॅलन्सच्या प्रश्नात सहा पर्यायांतले दोन निवडायचे असतात, दोन्हींनी वाक्याचा अर्थ सारखाच निघायला हवा. एक बरोबर आणि एक चूक आलं तर गुण शून्य. परवाचं वाक्य मराठीत सांगायचं तर असं: आयुष्यभर (गाळलेली जागा) राहिल्यामुळेच त्यांना निवृत्तीनंतर गावच्या शाळेला देणगी देता आली. पर्याय होते पार्सिमोनियस, फ्रूगल, अफ्लुएंट, मायझर्ली, थ्रिफ्टी आणि गॅरुलस. मी बेधडक पार्सिमोनियस आणि मायझर्लीवर खूण केली. उत्तर होतं फ्रूगल आणि थ्रिफ्टी. घरी येऊन कार्डं काढली तर चारही कार्डांवर माझ्याच अक्षरात एकच शब्द: कंजूष.

फार वाईट वाटलं, कारण मला चारही शब्द ‘येत’ होते.

क्लासचे सर म्हणतात, मराठी अर्थ लिहिणं आजपासून बंद, फक्त इंग्रजी-इंग्रजी कोश बघ. तसं करून पाहिलं. एका अनोळखी शब्दाचा अर्थ दुसऱ्या अनोळखी शब्दात मिळतो आणि डोक्यात काहीच उरत नाही. मराठी खरंच सोडून द्यावी का? आणि अशा छटा लक्षात राहाव्यात म्हणून तुम्ही नेमका सराव कसा केलात? ज्यांनी नोकरी सांभाळून ही परीक्षा दिलीये त्यांनी जरूर लिहा.

प्रतिसाद १

ताई, मराठी मुळीच सोडू नका. तुम्ही मराठी वापरताय, पण तोकडी वापरताय. काटकसरी माणसाला आपण कंजूष म्हणतो का? एक कौतुक आहे, दुसरी शिवी आहे. फ्रूगल आणि थ्रिफ्टी म्हणजे काटकसरी. पार्सिमोनियस आणि मायझर्ली म्हणजे कंजूष, चिक्कू. हा फरक तुम्हाला लहानपणापासून माहीत आहे, तो फक्त कार्डावर उतरला नाही.

मी मागच्या वर्षी परीक्षा दिली. सुटी कार्डं बाजूला ठेवून मी कुटुंबं केली. उदाहरणार्थ कमी बोलणारी माणसं. लॅकॉनिक म्हणजे मोजक्या शब्दांत बोलणारा. टॅसिटर्न म्हणजे स्वभावानेच अबोल. रेटिसंट म्हणजे मनातलं सहसा बाहेर न काढणारा. सलन म्हणजे रुसून घुम्यासारखा बसलेला. प्रत्येकासमोर ओळखीचा एक माणूस आठवायचा आणि त्याच्यावर एक इंग्रजी वाक्य लिहायचं. माझे टॅसिटर्न म्हणजे आमचे मोठे काका, ते कधीच विसरले नाहीत.

शब्दाचं मूळही बघा, काही ठिकाणी फार कामाला येतं. कोलेरिक म्हणजे शीघ्रकोपी, कारण जुन्या ग्रीक वैद्यकात रागाचा संबंध पिवळ्या पित्ताशी जोडलेला होता. आपणही पित्त खवळलं म्हणतोच. फ्लेग्मॅटिक म्हणजे कफाचा, थंड माणूस. पण नुसत्या रूपावर जाऊ नका. रेस्टिव्ह म्हणजे निवांत नव्हे, अस्वस्थ. नॉयसम म्हणजे गोंगाटाचा नव्हे, घाणेरड्या वासाचा.

परीक्षेत पर्याय आधी वाचूच नका. गाळलेल्या जागेत स्वतःचा शब्द घाला, मराठी आला तरी चालेल, आणि तो कौतुकाचा की निंदेचा हे ठरवा. मगच पर्यायांकडे या. समानार्थी जोडी दिसली म्हणजे तेच उत्तर, असं नसतं. तुमच्या प्रश्नात तशा दोन जोड्या होत्या. सप्टेंबर २०२३ पासून व्हर्बलचे २७ प्रश्न ४१ मिनिटांत सोडवायचे असतात, पण हे ठरवायला दहा सेकंदही लागत नाहीत.

उजळणीसाठी तीन डबे करा. चुकलेलं कार्ड पहिल्या डब्यात, तो रोज काढायचा. जमलं की दुसऱ्यात, तो तीन दिवसांनी. तिसरा आठवड्याने. जर्मन पत्रकार सेबास्टियन लाइटनर यांनी १९७२ साली मांडलेल्या पद्धतीचं हे सोपं रूप आहे.

धागाकर्ती

मनापासून आभार, दादा. रविवारी बसून कंजुषांची चारही कार्डं नव्याने लिहिली. मग हट्टी माणसांचं कुटुंब घेतलं. ऑब्स्टिनेटला हेकट लिहिलं, रेझोल्यूटला निश्चयी. टेनेशियसपाशी अडले. कोशात चिकटून राहणारा, पकड न सोडणारा असं दिलंय. आजी शेतातल्या हरळीला आणि दुखण्यातून उठलेल्या आजोबांना, दोघांनाही चिवट म्हणते. टेनेशियससमोर चिवट लिहिलं तर चालेल ना?