फगात आमिष संपतं, चिंबोरी मिळत नाही. पिंजरा घ्यावा का?

खाडीकाठ_घणसोली
घणसोलीच्या बाजूला खाडीत दहा फग (लोखंडी कड्याला जाळी बांधून दोरीने वर ओढायचे सापळे) लावतो. लोखंडी कडं दीड फूट, जाळीचा आस (भोक) दीड इंच, आमिष कोंबडीची आतडी. अर्ध्या तासाने उचलतो तर आमिष गायब, फग रिकामा. आल्याच तर निम्म्या बारक्या. पिंजरे घ्यावेत का?

उधाणभांग
अर्धा तास फार झाला. फग वरून उघडा असतो, चिंबोरी खाते आणि चालती होते. दर 10-15 मिनिटांनी फेरी हवी. एकट्याला दहा झेपत नसतील तर सहाच लावा.
जाळी कड्यावर ताणून बांधली आहे का? मधोमध वीतभर झोळ पाहिजे, नाहीतर उचलताना चिंबोरी कडेवरून उतरते. कड्याला बांधलेल्या तिन्ही दोऱ्या सारख्या लांबीच्या ठेवा, एक जरी आखूड झाली तरी फग कलंडतो. पहिला झटका जोरात, मग हात न थांबवता सरळ वर.
आतडी मऊ, बारके मासेच टोचून संपवतात. मुशीचं किंवा शिंगाळ्याचं डोकं तारेने मधोमध आवळून बांधा. भरती लागताच लहान नाल्यांच्या तोंडाशी टाका, कारण चिंबोरी पाण्याबरोबर कांदळवनात शिरते. रात्रीची भरती जास्त चांगली. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात ओढ जोरदार असते, तेव्हा कड्याला वजन बांधा.

चिपी_तिवर
बारक्यांचं कारण तुमचा आस. तीन इंच करा, बऱ्याचशा खालूनच गळून जातील.
मादी ओळखायला पोटाखालची पट्टी बघा. नराची अरुंद, कोवळ्या मादीची रुंद पण टोकाकडे त्रिकोणी, तयार मादीची गोलसर. त्रिकोणी पट्टीची मादी लगेच सोडा. 'पोटाला अंडी दिसली तरच सोडायची' एवढ्यावर खाडी टिकत नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. मादी अंडी द्यायला खोल समुद्राकडे जाते, त्यामुळे अंडीवाली खाडीत क्वचितच दिसते. जिला बाजारात जास्त भाव येतो, ती केशरी लाखेने (आतल्या कच्च्या अंड्यांनी) भरलेली मादीच त्या वाटेवर निघालेली असते. दहातल्या दोन-तीन जरी सोडल्या तरी फरक आहे.
खालून पायांजवळ अंगठ्याने दाबा. कवच दबलं तर नुकतीच कात टाकलेली आहे, आत पाणीच. तीही परत.
पिंजरा हरवला तर आतली मरते, तिच्या वासाने पुढची येते आणि हे चालूच राहतं. घ्यायचाच असेल तर एक बाजू नायलॉनने न शिवता सुती दोऱ्याने बांधा. तो कुजला की वाट मोकळी होते.

खाडीकाठ_घणसोली
आस बदलतो. पकडलेल्या टबात पाणी घालून ठेवतो, तरी संध्याकाळपर्यंत दोन-तीन मरतात.

उधाणभांग
त्या टबातल्या पाण्यानेच मरतात. साचलेल्या पाण्यातला प्राणवायू संपतो. नांग्या सुतळीने बांधा, ओल्या गोणपाटात गुंडाळून सावलीत ठेवा, अधूनमधून खाडीचंच पाणी शिंपडा. नळाचं नको.

चिपी_तिवर
आणखी एक. ऐरोलीकडचा भाग 2015 पासून फ्लेमिंगो अभयारण्यात आहे आणि 2022 पासून रामसर क्षेत्रही (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा). फग टाकण्याआधी हद्द वनविभागाकडून समजून घ्या. कारखान्यांचं पाणी येणाऱ्या नाल्याच्या तोंडाशी तर टाकूच नका. जड धातू चिंबोरीच्या कवचाखालच्या पिवळसर मऊ भागात साठतात, आणि घरात तोच भाग आवडीने खाल्ला जातो.