मदत हवी आहे : दुकानातल्या चेहरा ओळखणाऱ्या कॅमेऱ्याबद्दल

नमस्कार मंडळी. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका मोठ्या कपड्यांच्या दुकानात माझ्या भाचीला परवा दारातच अडवलं. "कॅमेऱ्यानं तुमचा चेहरा जुन्या चोरीतला दाखवलाय," म्हणे. चारचौघांत पिशवी तपासली, काही सापडलं नाही, तरी साधी माफीसुद्धा मागितली नाही. पोरगी अजून बाजारात जायला तयार नाही.

चोरी होते, दुकानदाराचं नुकसान होतं, हे मान्य. साध्या सीसीटीव्हीला माझा विरोध नाही. पण चेहऱ्याचं मोजमाप करून, न विचारता संशयितांच्या यादीत टाकणं वेगळं. अमेरिकेत राइट एड या औषध दुकानांच्या साखळीनं असंच निरपराध गिऱ्हाइकांना चोर ठरवलं, तेव्हा 2023 मध्ये तिथल्या व्यापार आयोगानं तिच्यावर हे तंत्र वापरायला 5 वर्षं बंदी आणली. आपल्याकडंही सुप्रीम कोर्टाच्या 2017 च्या पुट्टस्वामी निकालानं खाजगीपणा मूलभूत हक्क ठरलाय, 2023 चा डेटा संरक्षण कायदाही आहे.

भाचीचा फोटो यादीतून काढायला दुकानाला लेखी अर्ज कसा करायचा? त्या दिवसाचं फुटेज पुसलं जाऊ नये म्हणून आधी वकिलाची नोटीस द्यावी का पोलिसांत तक्रार? कुणी वकील असेल किंवा असं अनुभवलं असेल, तर कृपया सांगा.