बारावी नाही, आयटीआय आणि टूलरूममधील सहा वर्षांचा अनुभव आहे. अभियांत्रिकी पदवीला प्रवेश मिळेल का?

फिटर_पारनेर

नमस्कार मंडळी,

दहावीनंतर वडिलांच्या आजारपणामुळे मी अकरावीला गेलो नाही. शासकीय आयटीआयमध्ये फिटर हा दोन वर्षांचा ट्रेड पूर्ण केला, एक वर्ष अप्रेंटिसशिप केली आणि गेली सहा वर्षे भोसरीतील एका लघुउद्योगाच्या टूलरूममध्ये काम करीत आहे. प्रेस टूलची, म्हणजे पत्रा कापण्याच्या साच्याची जोडणी करणे, त्यातील पंच आणि डाय या कापणाऱ्या जोडभागांमधील क्लिअरन्स (फट) तपासणे, ट्रायलच्या वेळी पत्र्याच्या कडेला बर (धारदार कंगोरा) का येतो हे शोधून काढणे, ही कामे आता माझ्यावर सोपवली जातात. डिझाइन विभागाकडून आलेल्या ड्रॉइंगमधील चूक मी दोनदा जोडणीपूर्वीच दाखवून दिली होती. त्याच विभागात काम करण्याची इच्छा व्यक्त केली, तेव्हा किमान पदविका आणि शक्यतो पदवी हवी, असे उत्तर मिळाले. ते उत्तर चुकीचे आहे असे मी म्हणत नाही. पत्रा कापायला किती टनांचा प्रेस लागेल किंवा कोणती स्प्रिंग घ्यावी, यामागचे गणित मला खरोखरच येत नाही आणि तेच मला शिकायचे आहे.

बारावी न करता मला अभियांत्रिकी पदवीपर्यंत जाता येईल का? प्रवेशाच्या वेळी सहा वर्षांच्या अनुभवाचा काही विचार होतो का? आणि नोकरी सोडावीच लागेल का? घरी आई आणि बारावीत शिकणारी बहीण आहे, त्यामुळे शेवटचा प्रश्न माझ्यासाठी सर्वांत अवघड आहे. माझे वय 26 आहे.

निवृत्त_शिल्पनिदेशक

मी आयटीआयमध्ये अनेक वर्षे फिटर ट्रेडचा शिल्प निदेशक होतो. हा प्रश्न दरवर्षी एखादा तरी मुलगा विचारत असे, आणि बहुतेक वेळा तो नोकरीला लागून पाच-सहा वर्षे उलटल्यावर विचारत असे. आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी आहे. दहावी आणि त्यानंतर दोन वर्षांचा आयटीआय ट्रेड उत्तीर्ण झालेल्या उमेदवाराला तंत्रनिकेतनात संबंधित शाखेच्या पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो. आपल्या बाबतीत ती शाखा यंत्र अभियांत्रिकी असेल. पदविका झाल्यावर तिच्या गुणांवर पदवीच्याही थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. त्यासाठी पदविकेला किमान 45 टक्के, आणि राखीव प्रवर्गासाठी 40 टक्के गुण लागतात. सीईटी द्यावी लागत नाही. म्हणजे पदविकेची दोन आणि पदवीची तीन, अशी एकूण पाच वर्षे. या संपूर्ण वाटेवर बारावीचे प्रमाणपत्र कोणीही मागत नाही, आणि शेवटी मिळणारी पदवी त्याच विद्यापीठाची, त्याच अभ्यासक्रमाची असते.

इथे एक फरक नीट लक्षात घ्यावा, कारण त्यावरून अनेकांची फसगत होते. ही सवलत दोन वर्षांच्या ट्रेडसाठी आहे. वेल्डरसारखा एक वर्षाचा ट्रेड केलेल्यांना ती मिळत नाही आणि त्यांना पदविकेच्या पहिल्या वर्षापासूनच सुरुवात करावी लागते.

दुसरी एक वाट राज्य मंडळाची आहे. आयटीआयमध्ये मिळवलेले श्रेयांक मंडळाकडे वर्ग करून, मोजकेच विषय देऊन बारावीचे प्रमाणपत्र मिळवण्याची सोय आहे. परीक्षेच्या अर्जांच्या प्रकटनात ‘ट्रान्सफर ऑफ क्रेडिट’ असा उल्लेख येतो, तो हाच. वाणिज्य किंवा कला शाखेची पदवी घ्यायची असेल, अथवा जिथे बारावीची अट आहे अशी पदभरती डोळ्यांसमोर असेल, तर ही वाट उपयोगी आहे. अभियांत्रिकीसाठी मात्र तिच्यावर वर्ष घालवू नये.

अनुभवाबद्दल मनापासून वाईट वाटते, पण खरे ते सांगतो. आपल्याकडे या प्रवेशात गुणपत्रिका पाहिली जाते, हात पाहिला जात नाही. सहा वर्षे शून्य पूर्णांक काही शतांश मिलिमीटरची मापे राखणारा कारागीर आणि काल आयटीआयमधून बाहेर पडलेला मुलगा गुणवत्ता यादीत सारखेच धरले जातात. ही उणीव आहे आणि ती दूर व्हायला हवी, असे मी निदेशक असतानाही म्हणत होतो. 2023 मध्ये स्वीकारलेल्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यात अनुभवालाही श्रेयांक देण्याचे तत्त्व आले आहे. परंतु तंत्रनिकेतनाच्या प्रवेश खिडकीपर्यंत ते पोहोचेल, या भरवशावर आपण थांबू नये.

टूलडिझाइन_चाकण

मी याच वाटेने गेलो आहे. आयटीआयमध्ये माझा ट्रेड टर्नर होता. त्यानंतर चार वर्षे नोकरी केली, मग पदविका आणि मग पदवी, असा माझा क्रम. वरील निदेशक सरांनी नियम सांगितले आहेत. मी वर्गात बसल्यावर काय होते ते सांगतो.

ड्रॉइंग, उत्पादन प्रक्रिया, मापनशास्त्र या विषयांत तुम्ही वर्गातील इतरांच्या पुढे असाल. शिक्षक ‘एच 7-जी 6’ फिट, म्हणजे भोकात दांडा किती सैल वा घट्ट बसावा याचे माप, फळ्यावर समजावून सांगत असतील तेव्हा तुमच्या बोटांना तो फिट आधीच ठाऊक असेल. अडते ते गणितात. आयटीआयमध्ये कार्यशाळा गणित व विज्ञान हा विषय असतो, पण तो क्षेत्रफळ, वजन, कटिंग स्पीड आणि साधी त्रिकोणमिती यांपलीकडे फारसा जात नाही. थेट दुसऱ्या वर्षाला बसल्याने पदविकेच्या पहिल्या वर्षाचे गणित, म्हणजे लॉगॅरिदम, मॅट्रिक्स, विकलन (डिफरन्सिएशन) आणि संकलन (इंटिग्रेशन), हातून सुटते. सामग्रीचे बलविज्ञान शिकवताना शिक्षक बीमच्या वाकण्याचे समीकरण मांडतात आणि ते दोनदा संकलित करतात. पहिल्या दिवशी मला त्यातील एकही ओळ कळली नव्हती. पदवीच्या दुसऱ्या वर्षी तर अभियांत्रिकी गणिताच्या तिसऱ्या पेपरात लाप्लास रूपांतर आणि विकल समीकरणे येतात, आणि तिथे बारावी विज्ञान केलेली मुलेही अडखळतात.

यावर मी जे केले ते फार मोठे नाही. रोज रात्री दीड तास अकरावी आणि बारावीची राज्य मंडळाची गणिताची पुस्तके पहिल्या पानापासून सोडवली. त्रिकोणमितीला दोन महिने लागले, विकलनाला त्याहून अधिक. मात्र हे मी प्रवेश घेतल्यानंतर सुरू केले, आणि त्याची किंमत म्हणून पहिल्या सत्रात दोन विषय राहिले. तुम्ही आजच सुरू केलेत तर पुढील प्रवेशापर्यंत पुरेसा वेळ हाताशी आहे.

नोकरीबाबत म्हणाल, तर तंत्रनिकेतन पूर्णवेळ आहे आणि उपस्थितीची अट खरी आहे. पदविकेची दोन वर्षे मी नोकरी सोडली होती आणि सुट्टीच्या दिवशी ओळखीच्या वर्कशॉपमध्ये जॉबवर्क करीत होतो. पदवीच्या वेळी मात्र आता एक सोय झाली आहे, जी माझ्या वेळी नव्हती. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने 2023 पासून नोकरदारांसाठी स्वतंत्र वर्ग चालवण्याची परवानगी महाविद्यालयांना दिली आहे. त्यात थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश असतो, वेळा नोकरीला जुळतील अशा ठेवता येतात आणि किमान एक वर्षाचा पूर्णवेळ अनुभव लागतो. अनुभवाला कुठेतरी दार आहे ते इथे. नोकरीचे ठिकाण महाविद्यालयापासून ठरावीक अंतरात असावे लागते, आणि भोसरीच्या आसपास अभियांत्रिकी महाविद्यालयांची वानवा नाही. म्हणजे खरी कसोटी पदविकेच्या दोन वर्षांची आहे, पाच वर्षांची नाही.

स्टुटगार्टवासी

अनुभवाचा मुद्दा निघाला म्हणून इथली व्यवस्था थोडक्यात मांडते. जर्मनीत विद्यापीठात जाण्यासाठी आबिटुर ही शालान्त परीक्षा लागते, परंतु 6 मार्च 2009 रोजी तेथील राज्यांच्या शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेने ठराव करून कारागिरांसाठी दोन वाटा खुल्या केल्या. माइस्टर, म्हणजे आपल्या व्यवसायातील उस्तादाची परीक्षा उत्तीर्ण झालेल्याला कोणत्याही शाखेत प्रवेश घेता येतो. ज्याने किमान दोन वर्षांचे व्यवसाय प्रशिक्षण आणि त्यानंतर तीन वर्षे त्याच कामाचा अनुभव घेतला आहे, त्याला पात्रता परीक्षा देऊन किंवा काही काळ चाचणी स्वरूपात शिकून आपल्या कामाशी संबंधित शाखेत जाता येते. इथे तीन वर्षांचे काम हीच प्रवेशाची अट आहे. पात्रतेच्या आठ पायऱ्यांच्या राष्ट्रीय आराखड्यातही माइस्टर आणि बॅचलर पदवी दोन्ही सहाव्या पायरीवर ठेवलेल्या आहेत.

2024 मध्ये महाराष्ट्र शासनाने बाडेन-व्युर्टेम्बर्ग या आमच्या राज्याशी कुशल मनुष्यबळाबाबत करार केल्यापासून अनेक आयटीआय उत्तीर्ण मुले माझ्याकडे चौकशी करतात. त्यांना मी एवढेच सांगते, की आयटीआयचे प्रमाणपत्र इथे आपोआप जर्मन प्रशिक्षणाच्या बरोबरीचे धरले जात नाही. त्याची समकक्षता तपासून घ्यावी लागते आणि जर्मन भाषेवाचून पुढचे पाऊल पडत नाही. ही तुमच्यासाठी जवळची वाट नाही. पण अनुभवाला शैक्षणिक मूल्य देणे शक्य असते, हे आपल्या धोरणकर्त्यांपुढे ठेवण्यासारखे उदाहरण नक्कीच आहे.

जुना_एएमआयई

एक सावधगिरीची सूचना. आमच्या पिढीत नोकरी न सोडता अभियंता होण्याचा मार्ग म्हणजे एएमआयई. 1920 मध्ये स्थापन झालेल्या इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्सच्या ‘अ’ आणि ‘ब’ विभागांच्या परीक्षा मी रात्री अभ्यास करून सात वर्षांत उत्तीर्ण झालो आणि त्या बळावर मला बढती मिळाली. तुम्हालाही कोणीतरी प्रेमाने हाच सल्ला देईल. परंतु शासकीय नोकरीसाठी त्या परीक्षेला पदवीसमान मानण्याची सवलत 31 मे 2013 पर्यंत नोंदणी केलेल्यांपुरतीच राहिली आहे.

त्याचप्रमाणे ‘कामावर असतानाच घरबसल्या बी.ई.’ अशा जाहिराती औद्योगिक वसाहतींच्या फाटकांवर लावलेल्या दिसतात. काही अभिमत विद्यापीठांनी मान्यतेविना दूरशिक्षणाने दिलेल्या अभियांत्रिकी पदव्यांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि 3 नोव्हेंबर 2017 च्या निकालाने हजारो नोकरदारांच्या पदव्या अडचणीत आल्या. त्यांतील अनेक जण तुमच्यासारखेच प्रामाणिक आणि कष्टाळू होते. पैसे भरण्यापूर्वी संस्थेचे आणि त्याच अभ्यासक्रमाचे नाव अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या मान्यता यादीत स्वतः पाहावे.

फिटर_पारनेर

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. आईशी बोललो. बहिणीचे बारावीचे वर्ष संपेपर्यंत नोकरी करायची, तोवर दोन वर्षांच्या खर्चापैकी जमेल तेवढी रक्कम बाजूला ठेवायची आणि पुढच्या जूनमध्ये पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षासाठी अर्ज करायचा, असे ठरले आहे. अकरावीच्या गणिताचे पुस्तक आज आणले. एकच शंका उरते. मधल्या सात वर्षांच्या खंडामुळे प्रवेशाच्या किंवा शिष्यवृत्तीच्या वेळी अडचण येईल का?

निवृत्त_शिल्पनिदेशक

खंडामुळे प्रवेश नाकारला जात नाही. खंडाच्या कारणाचे प्रतिज्ञापत्र द्यावे लागते आणि महाडीबीटी या शासकीय संकेतस्थळावर शिष्यवृत्तीचा अर्ज करतानाही तेच लागते. त्यासोबत अप्रेंटिसशिपचे प्रमाणपत्र आणि सध्याच्या कंपनीचे अनुभवपत्र जोडून ठेवावे. आयटीआयची मूळ गुणपत्रिका, राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र आणि संस्था सोडल्याचा दाखला या तिन्हींवरील नाव दहावीच्या प्रमाणपत्राशी अक्षरशः जुळते का, ते या आठवड्यातच पाहा. वडिलांच्या नावातील एखादे अक्षर चुकलेले असेल, तर दुरुस्तीला महिने जातात, आणि ऐन जूनमध्ये ती धावपळ करताना मी अनेक मुलांना पाहिले आहे. गणितात त्रिकोणमितीपाशी अडलात तर इथेच विचारा. ती मी अजूनही शिकवू शकतो.