विषय: हायब्रिड सेडान: कॅम्री, अकॉर्ड की सोनाटा?

नमस्कार मंडळी,

आमच्या जुन्या गाडीचं दर सर्व्हिसिंगला काही ना काही निघतंय, परवा मेकॅनिकनेच विचारलं की अजून किती दिवस ओढणार, तेव्हा घरात ठरलं की आता नवी घ्यायची. सेडानच हवी (मला एसयूव्ही चालली असती, पण असो) आणि हायब्रिड नक्की. अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये प्लग नाही म्हणून इलेक्ट्रिक आणि प्लग-इन दोन्ही बाद. माणसं तीन, मागे लेकीची कारसीट, आणि वर्षातले चार-पाच महिने आई-बाबा असतात तेव्हा मागच्या सीटवर कारसीट अधिक दोघं. मी एक्सेल शीट केलीय, सतरा कॉलम झालेत आणि आता डोकं चालेनासं झालंय. ईपीएचे (इथल्या सरकारी पर्यावरण संस्थेचे) मायलेजचे आकडे बघितले तर एमपीजी, म्हणजे गॅलनला मैल, असे: टोयोटा कॅम्री एलई ५१, होंडा अकॉर्ड ४८, ह्युंदाई सोनाटा ४७. मग कॅम्रीच ना? कोणी चालवत असेल तर प्लीज सांगा.

---

विषय: रि: हायब्रिड सेडान: कॅम्री, अकॉर्ड की सोनाटा?

> मग कॅम्रीच ना?

थांब जरा. एमपीजीची वजाबाकी करू नकोस, गॅलनची कर. वर्षाला १२,००० मैल धर. ५१ला २३५ गॅलन लागतात, ४८ला २५०. म्हणजे अख्ख्या वर्षात १५ गॅलनचा फरक, एखाद-दुसरी टाकी. आणि साधी ३२वाली सेडान घेतलीस तर ३७५. खरी बचत साध्यावरून हायब्रिडवर येण्यात आहे, एका हायब्रिडवरून दुसऱ्या हायब्रिडवर उडी मारण्यात फार काही नाही, तेव्हा तो कॉलम शीटमधून काढलास तरी चालेल.

दुसरं म्हणजे तू लिहिलेले आकडे त्या त्या गाडीच्या ठरावीक ट्रिमचे, म्हणजे व्हेरिएंटचे आहेत. अकॉर्डची ४८ ही १७ इंची चाकांवरच्या ईएक्स-एलची, १९ इंची चाकांची स्पोर्ट घेतलीस की ४४. कॅम्रीतही ५१ फक्त एलईला, वरच्या ट्रिमना कमी. मोठी चाकं दिसायला झकास, पण मायलेज खातात आणि खड्ड्यात धक्का जास्त देतात, शिवाय टायर बदलायची वेळ आली की कळतं ते वेगळंच.

तिन्हींची मशिनरी मात्र समजून घे, कारण चालवताना तीच जाणवते. टोयोटाची २०२५पासूनची कॅम्री हायब्रिडमध्येच मिळते, २.५ लीटरचं इंजिन आणि दोन मोटर एका प्लॅनेटरी गिअरसेटला जोडलेल्या. त्याला सीव्हीटी (पायऱ्या नसलेला ऑटोमॅटिक गिअर) म्हणतात म्हणून लोकांना वाटतं आत पट्टा असेल, पण पट्टा-बिट्टा काही नाही, सगळी दातेरी चाकं. होंडाच्या अकॉर्डचं वेगळं आहे: गावात इंजिन बहुतेक वेळा फक्त वीज तयार करतं आणि चाकं मोटर फिरवते, हायवेला एका लयीत चाललास की क्लच लागतो आणि इंजिन थेट चाकांना जोडलं जातं. सोनाटात सरळ सहा गिअरचा ऑटोमॅटिक आहे, इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये मोटर. ज्याला गिअर पडलेला जाणवायला हवा असतो त्याला ती आवडते. मला स्वतःला कुठलंच वाईट वाटत नाही, पण हिला कॅम्रीचा आवाज खटकतो, आणि घरात मत कोणाचं चालतं ते सांगायला नको.

बर्फात फार फिरणं असेल तर कॅम्रीला ऑल-व्हील ड्राइव्ह मिळतो, मागच्या चाकांना वेगळी मोटर, मध्ये शाफ्ट नाही. अकॉर्डला तो पर्यायच नाही. पण त्याआधी चांगले विंटर टायर घे, ऑल-व्हील ड्राइव्हने गाडी निघते, थांबते टायरने.

---

विषय: रि: रि: हायब्रिड सेडान

काकांनी इंजिनाचं सगळं सांगितलंच आहे, मी आपली मागच्या सीटची गोष्ट सांगते. आमच्याकडे अकॉर्ड हायब्रिड आहे. मागे पाय ठेवायला ४०.८ इंच, कॅम्रीत ३८. कागदावर पावणेतीन इंच म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण लेकीची सीट रिअर-फेसिंग, म्हणजे मागे तोंड करून लावलेली असेल तर पुढच्या माणसाचे गुडघे डॅशबोर्डला टेकतात की नाही ते ह्याच पावणेतीन इंचात ठरतं. डिकी १६.७ घनफूट, कॅम्रीची १५.१. एअरपोर्टवरून आई-बाबांना आणायचं तर दोन मोठ्या बॅगा आणि दोन छोट्या नेऊन डिकीत घालूनच बघा, आकड्यांत डिकीचं तोंड केवढं ते कळत नाही.

एक गोष्ट डोक्यात ठेवा, अकॉर्ड हायब्रिडमध्ये स्टेपनी येत नाही, रिपेअर किट येतं. ते साइडवॉल फाटली तर काही कामाचं नाही. कुठलीही गाडी बघाल तर डिकीतली चटई उचलून खाली काय आहे ते बघाच, सेल्समन तिकडे कधी नेत नाही.

आणि टेस्ट ड्राइव्हला फोन करून आधीच सांगा की गाडी गरम करून ठेवू नका. थंड इंजिनवर हायब्रिड पहिली पाच मिनिटं कशी वागते, हीटर लावला की इंजिन चालू होऊन किती वेळ चालतं, हे तेव्हाच कळतं. तुमचं ऑफिस दोन-तीन मैलांवर असेल तर हिवाळ्यात ते ५१ नि ४८ दोन्ही विसरा, इंजिन गरम होईपर्यंत तुम्ही पोचलेले असता.

---

विषय: रि: रि: रि: हायब्रिड सेडान

दोन गोष्टी, कोणी आधी सांगितल्या असत्या तर बरं झालं असतं अशा. आम्ही पाच आठवडे सुट्टीवर होतो, आल्यावर आमची जुनी हायब्रिड ढिम्म. मोठी बॅटरी ठणठणीत होती, मेली होती ती छोटी १२ व्होल्टची, आणि तिच्याशिवाय कॉम्प्युटर जागा होत नाही म्हणजे गाडी 'रेडी' होतच नाही. रात्री दोन वाजता, सामानासकट, पार्किंगमध्ये. तेव्हापासून छोटा जंप स्टार्टर घरात असतो, गाडीत नाही, कारण गाडीतच ठेवला आणि डिकी विजेवर उघडत असेल तर झालंच.

दुसरं, बऱ्याच हायब्रिडमध्ये बॅटरी थंड करणारी हवा मागच्या सीटजवळच्या जाळीतून आत जाते. आमच्याकडे त्या जाळीवर महिनोन् महिने लेकाची दुलई पडलेली. मॅन्युअलमध्ये फिल्टर साफ करा असं लिहिलेलं, आम्ही मॅन्युअल कधी उघडलंय? फिल्टर काढला तर नुसती धुळीची गादी. जाळी कुठे आहे ते पहिल्या दिवशीच विचारून घ्या आणि कारसीट तिच्यावर येत नाही ना बघा.

---

विषय: रि: रि: रि: रि: हायब्रिड सेडान

सगळ्यांना थँक्स! शनिवारी तिन्ही बघितल्या. बाबा इथे आहेत सध्या, त्यांना आणि कारसीटला घेऊनच गेलो, सेल्समनचा चेहरा बघण्यासारखा झाला. ताई म्हणाल्या तसं आधी फोन केला होता, तरी एकीचं बॉनेट गरमच होतं.

सोनाटात बाबांचं डोकं दाराच्या चौकटीला लागता लागता राहिलं आणि ते "चांगली आहे" म्हणाले, म्हणजे आवडली नाही. कॅम्री शांत वाटली, पण हायवेच्या रॅम्पवर पाय दाबला की इंजिन ओरडतं आणि वेग जरा मागाहून येतो, काका म्हणाले ते मला तिथे कळलं. अकॉर्डमध्येही ओरडतं, थोडं कमी. तिथे बाबा मधल्या जागेवर, शेजारी कारसीट, दुसऱ्या बाजूला ही, असे वीस मिनिटं बसले आणि उतरल्यावर गुडघ्यावर हात न ठेवता उभे राहिले. आमच्याकडे एवढं पुरतं. १७ इंची चाकांची ईएक्स-एल सांगितलीय, स्टेपनी वेगळी घेऊन डिकीत टाकणार, डिकी थोडी कमी होईल ती होईल.

जुन्या गाडीचे चार विंटर टायर आहेत, २०५/५५ आर१६, दोन सीझन वापरलेले. कोणाला बसत असतील तर फुकट घेऊन जा, बाल्कनीत जागा अडतेय.