दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को : अंतर किती आणि वेळ किती?

प्रश्न (एक पालक, दारव्हा, जि. यवतमाळ)
माझी मुलगी ऑगस्टमध्ये शिक्षणासाठी सॅन फ्रान्सिस्कोला जात आहे. नागपूरहून दिल्ली आणि तेथून थेट विमान, असा प्रवास आहे. दिल्लीहून पहाटे 4 वाजता निघालेले विमान त्याच दिवशी सकाळी 7.30 वाजता पोहोचेल, असे तिकिटावर छापले आहे. एवढ्या वेळात आमची एसटी नागपूरलाही पोहोचत नाही. शिवाय अंतर एके ठिकाणी 12,400 किलोमीटर, तर दुसरीकडे 15,300 किलोमीटर दिलेले आढळले. खरे काय मानावे?

उत्तर (वर्धा)
तिकिटावर सुटण्याची वेळ दिल्लीची आणि पोहोचण्याची वेळ तेथील घड्याळाची असते. तेथील उन्हाळ्यात, म्हणजे ऑगस्टमध्येही, सॅन फ्रान्सिस्को आपल्यापेक्षा साडेबारा तास मागे असते, हिवाळ्यात साडेतेरा. साडेतीन तासांत साडेबारा मिळवले की 16 तास होतात आणि खरा प्रवास तेवढाच आहे. परतीच्या तिकिटावर नेमके उलटे दिसेल, म्हणजे विमानात जणू सव्वा दिवस गेला असे वाटेल. तेव्हा घाबरू नये.

उत्तर (निवृत्त भूगोल शिक्षक, पुसद)
दोन्ही आकडे बरोबर आहेत, मात्र ते एकाच गोष्टीचे नाहीत. 12,400 हे पृथ्वीच्या गोलावरील सर्वांत जवळचे अंतर होय. भिंतीवरच्या नकाशात ते दिसणार नाही. शाळेतील पृथ्वीगोलावर दिल्लीपासून दोरा ताणून धरा, म्हणजे तो सायबेरिया, आर्क्टिक महासागर आणि अलास्का यांवरून जाताना दिसेल. विमान मात्र दोऱ्यावरून जाईलच असे नाही, कारण वारा, वाटेतील उंच पर्वत आणि कोणत्या देशाचे आकाश खुले आहे हे पाहून मार्ग ठरतो. 15,300 हा आकडा बहुधा 2016 मधील आहे. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये एअर इंडियाने हेच विमान अटलांटिकऐवजी प्रशांत महासागरावरून नेले. जुना मार्ग सुमारे 13,900 किलोमीटरचा होता, तरीही नव्या, लांबच्या मार्गाने वेळ कमी लागला आणि साडेचौदा तासांत प्रवास पूर्ण झाला. कारण उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा जोरदार वारा विमानाच्या पाठीशी होता. विमानाला किलोमीटरपेक्षा वारा महत्त्वाचा, हे मी वर्गात सांगत असे, पण मुलांना ते पटत नसे.

मूळ प्रश्नकर्ते
आपणा दोघांचा आभारी आहे. काल जिल्हा परिषद शाळेत जाऊन शिवणाचा पांढरा दोरा ताणून पाहिला. तो प्रशांत महासागरावरून आडवा जाईल अशी माझी खात्री होती, पण घट्ट ताणला की तो थेट वर, बर्फाकडेच सरकत होता. गोल जुना असल्याने अलास्काचा रंग मात्र पुसला गेला आहे.
हिशेब असा केला : पहाटे 4 ला विमान सुटले, तर आपल्या घड्याळात रात्री 8 वाजता ते उतरेल. तपासणी आणि सामान यांत तास-दीड तास जाईल, असे धरून साडेनऊपर्यंत फोनची वाट पाहू. तिच्या आईलाही हाच हिशेब चुलीशेजारच्या दिनदर्शिकेवर लिहून दिला आहे.