कोसंबींचं काय मग?

काही जण म्हणतात की माणसाने एकच विषय धरावा, चार ठिकाणी हात घातला की काम वरवरचं होतं. मला अजिबात पटत नाही हे. दामोदर कोसंबी बघा ना, मूळचे गोव्याचे, टीआयएफआरमध्ये (मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था) गणिताचे प्रोफेसर, आणि १९४८ मध्ये भर्तृहरी या संस्कृत कवीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ती काढली ती ढीगभर हस्तलिखितं ताडून! तक्षशिलेची चांदीची नाणी घेतली, वजनं केली, नाणं जितकं जास्त फिरतं तितकं झिजतं आणि वजनांतला फरकही वाढतो, मग स्टॅटिस्टिक्स लावून कुठलं आधीचं कुठलं नंतरचं ते लावलं. नुसत्या इतिहासवाल्याला हे सुचलं असतं का हो? आणि १९४४ चं त्यांचं मॅपिंग फंक्शन, म्हणजे गुणसूत्रावर जनुकांमधलं अंतर काढायचं सूत्र, जेनेटिक्सवाले अजून वापरतात, कोसंबी याच नावाने.