थारच्या डिफमध्ये (डिफरन्शियल, ॲक्सलवरची गिअरची पेटी) कोणतं गिअर ऑइल टाकू? ९० की १४०? (शिरपूर)

अनेरकाठ
राम राम मंडळी. गाडी २०१६ ची थार सीआरडीई, फोर बाय फोर, ८२ हजार झालेत. मी घेतल्यापासून तरी डिफचं ऑइल बदललेलं नाही, आधीच्या मालकाने बदललं की नाही देव जाणे. रोजचं जाणं शेतात, मधे नाला लागतो, पावसाळ्यात अर्ध्या चाकाच्या वर पाणी असतं, आणि वर्षातून दोन-तीनदा आम्ही पोरं तोरणमाळ नाहीतर धडगावकडे काढतो. आता मे मधे इकडे ४४-४५ जातं म्हणून म्हटलं जाड ऑइल टाकावं, ८५ डब्ल्यू १४०. दुकानदार म्हणतो ७५ डब्ल्यू ९० सिंथेटिक घ्या. आणि मोठा भाऊ म्हणतो ट्रॅक्टरच्या मागच्या ऑइलचा २० लिटरचा डबा घरात पडलाय त्यातलंच ओत, गिअर ते गिअर. कोणाचं ऐकू?

भुसावळचं_ऊन
१४० टाक भो डोळे झाकून. माझ्या पिकअपला केळीचा लोड असतो, तीन वर्षं १४० च चालू आहे, हूं हूं आवाज यायचा तो पण बंद झाला.

पांझरेचा_फिटर
दादा आवाज बंद झाला म्हणजे दुखणं गेलं असं नाही, जाड ऑइल आवाज झाकतं. क्राऊन-पिनियन (डिफमधली मोठ्या-लहान गिअरची जोडी) एकदा कोणीतरी चेक करून घ्या.

अनेरकाठ भाऊ, आधी नंबर सोड आणि डब्यावर जीएल (गिअर ऑइलचा दर्जा) काय लिहिलंय ते बघ. डिफमधे पिनियन हा क्राऊनच्या सेंटरला नाही, खाली बसतो, त्यामुळे दात नुसते एकमेकांवर फिरत नाहीत तर घसटत जातात आणि त्या घसटण्याने साधं ऑइल दातावरून पुसलं जातं. म्हणून जीएल-५ लागतं, त्यात गंधकवाली औषधं असतात, डबा उघडला की वास येतोच. ट्रॅक्टरचं ऑइल ओल्या ब्रेकसाठी, हायड्रॉलिकसाठी बनवलेलं असतं, ते ट्रॅक्टरलाच राहू दे. आणि उलटं पण लक्षात ठेव, डिफचं उरलेलं जीएल-५ गिअरबॉक्समधे ओतू नको, मॅन्युअलमधे जीएल-४ असेल तर जीएल-४ च, नाहीतर पितळी सिंक्रो रिंगा (गिअर टाकताना वेग जुळवणाऱ्या) खराब होऊ शकतात. आपल्याकडे गॅरेजवाले एकाच पिंपातून सगळीकडे "नव्वद नंबर" मारतात, तिथे उभं राहायचं.

तुझ्या वापराला ८० डब्ल्यू ९० जीएल-५ भरपूर झालं. ४५ डिग्रीला घाबरू नको, डिफ चालताना त्याच्यापेक्षा खूप जास्त तापतो आणि ९० ते धरूनच बनवलेलं आहे. १४० कायम लोड ओढणाऱ्याला, ते पण मॅन्युअलमधे असेल तर, नाहीतर डिसेंबरात सकाळी धुळ्यात ८-१० वर पारा असतो तेव्हा ते काकवीसारखं होतं. सिंथेटिक चांगलंच, पण तू नाल्यातून जाणारा माणूस, महाग ऑइल टाकून तीन वर्षं विसरण्यापेक्षा साधं टाकून दर पावसाळ्यानंतर बदल.

मागे लॉकर (दोन्ही चाकं एकत्र फिरवणारं लॉक) आहे का तुझ्या गाडीला? असेल तर मॅन्युअलमधे लिहिलंय तेच, वरून कसलं अ‍ॅडिटिव्ह नको.

आता खरा प्रश्न. ऑइलचा रंग बघितला का?

अनेरकाठ
लॉकर नाही. रंग उद्या बघतो.

पांझरेचा_फिटर
बघताना आधी वरचा भरायचा नट उघड. तो निघाला तरच खालच्याला हात लाव, नाहीतर ऑइल सांडून बसशील आणि भरायला जागाच नाही. दहा-पंधरा किमी फिरवून आण म्हणजे ऑइल पातळ होऊन पूर्ण निघेल. गाडी सपाट जागेवर, नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरायचं नाही.

अनेरकाठ
काय सांगू भो. मागच्या डिफमधून ऑइल नाही, दूध जास्त झालेला चहा निघाला. खालच्या नटाच्या मॅग्नेटवर राखाडी लेप होता, तुकडे नव्हते. पुढचा डिफ ठीक, काळं पण स्वच्छ.

चाळीसगाव_घाटवाला
ऑइलना चहा व्हई गया! 😂 माझा पण झालेला, पाटणादेवीला जाऊन आल्यावर.

पांझरेचा_फिटर
लेप चालतो, दाताची कपची निघाली असती तर वेगळा विषय होता. पाणी कुठून गेलं ते सांगतो. हौसिंगवर (डिफच्या बाहेरच्या लोखंडी खोळीवर) ब्रीदर असतो, हवा आत-बाहेर जायची बारीक टोपी, काळ्या मातीने ती चोंदते. गाडी तापलेली, तू डायरेक्ट नाल्यात घातली, हौसिंग एकदम गार, आतली हवा आखडते आणि सील जिथे ढिलं असेल तिथून पाणी ओढते. चोंदलेला असताना गरम झालं की उलटं, दाब वाढून ऑइल सीलमधून बाहेर, मागच्या ब्रेकच्या ड्रमपर्यंत जातं. ब्रीदर साफ कर, रबरी पाइप लावून टेललाइटच्या उंचीपर्यंत वर ने. दहा मिनिटं थांबून मग नाल्यात घालायची सवय लाव.

डिझेल नाहीतर रॉकेल टाकून धुवू नको, आत राहतं. ॲक्सलच्या नळ्यांत पण पाणी साचलेलं असतं, त्यामुळे स्वस्तातलं ८० डब्ल्यू ९० जीएल-५ भर, शंभर किमी चालव, काढ, मग चांगलं भर. भरण्याचं माप म्हणजे वरच्या भोकातून ओघळायला लागलं की बास.

अनेरकाठ
झालं. वरचा नट निघायला दोन तास आणि एक पान्याचं तोंड गेलं, आधी खालचा काढला असता तर रात्र तिथेच होती. पहिल्या काढणीला फिक्कट चहा, दुसऱ्यांदा स्वच्छ. ब्रीदरच्या टोपीत अक्षरशः ढेकूळ होतं. ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी) राहिलाय, रविवारी. भाऊ विचारतोय जुनं ऑइल गोठ्याच्या लाकडाला मारू का वाळवीसाठी?

पांझरेचा_फिटर
गोठ्याला नको रे, गुरं चाटतात. नाल्यात पण नको. कॅनमधे भरून ठेव, गॅरेजवर जुनं ऑइल नेणारा येतो त्याला दे. आणि ट्रान्सफर केसचं ऑइल वेगळं असू शकतं, रविवारी मॅन्युअल घेऊन बस.